सर्वर रिस्टार्ट करायचाय, आत कोण कोण बसलंय ते कसं कळेल?

केळीवाला_जळगाव:
भो कोणी सांगा ना जरा. आमच्या लॅबमध्ये एकच लिनक्स सर्वर आहे, एमसीएची सगळी पोरं एसएसएचने (म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) त्यावरच येतात, कोणी लॅबमधून कोणी रूमवरून, आणि मला आज संध्याकाळी तो रिस्टार्ट करायचाय. 'हू' कमांड मारली तर एकच पोरगा तीनदा दिसतो, आणि एकापुढे तर परवाची तारीख, तो आज आलेलाच नाही. मग खरं आत आहे कोण?

भुसावळ_यार्ड:
तीनदा दिसतो म्हणजे तीन टर्मिनल, म्हणजे कमांड मारायच्या खिडक्या, उघडलेत त्याने, हू माणसं नाही लॉगिन दाखवतं. नावापुढे पीटीएस/०, पीटीएस/१ असा टर्मिनलचा नंबर असेल बघ, आणि शेवटी कंसात कुठून आला तो आयपी, म्हणजे त्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता. टीटीवाय१ असलं तर बहुतेक मशीनसमोरच बसलाय. त्यापेक्षा नुसतं 'डब्ल्यू' मार, एकच अक्षर, त्यात कोण किती वेळ गप आहे तो आयडल टाइम येतो आणि आत्ता काय चालवी राहिला ते पण. परवाचा तो टर्मिनल तसंच सोडून गावाला गेला असेल. 'हू -यू' मारलं की २४ तासांच्या वर गप असलेल्यापुढे सरळ ओल्ड लिहून येतं.

तापीकाठ:
बरोबर आहे पण तेवढ्यावर रिस्टार्ट मारू नको भाऊ. हू जी यूटीएमपी फाइल वाचतं तिच्यात टर्मिनल घेऊन आलेल्यांचीच नोंद असते. कोणी एससीपीने मोठी फाइल ओढी राहिला असेल, नाहीतर नोहपने (लॉगआउट झालं तरी प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड) प्रोग्राम लावून घरी गेला असेल, तो तिथे दिसतच नाही आणि वाटोळं पहिलं त्याचंच होतं. 'पीएस एयूएक्स' बघ, चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामची यादी येते, पहिल्या कॉलममध्ये यूजर असतो, रूट (अॅडमिनचं खातं) आणि सिस्टीमवाले सोडून जी नावं उरतील ती तुझी पोरं.

केळीवाला_जळगाव:
बाप रे, दोन नावं निघाली जी हू मध्ये नव्हतीच, एकाचं पायथन काल रात्रीपासून चालू आहे. आता सांगू कसं सगळ्यांना?

भुसावळ_यार्ड:
'शटडाउन -आर +१५', म्हणजे १५ मिनिटांनी रिस्टार्ट, आणि पुढे मेसेज लिही, उघड्या टर्मिनलवर जातो, शेवटच्या ५ मिनिटांत नवीन लॉगिन पण बंद होतं. बेत बदलला तर 'शटडाउन -सी'.

तापीकाठ:
त्या दोघांना मात्र तो दिसणार नाही, टर्मिनलच नाही तर मेसेज कुठे येणार. पायथनवाल्याला फोनच लाव.