पिच डेक (पैसे मागताना दाखवायच्या स्लाइड): दहा मिनिटांत काय बसवू?

तासगावकर: बेदाण्याच्या शेडमधला ओलावा मोजणारं यंत्र बनवलंय. सीड फंडासाठी, म्हणजे सुरुवातीच्या भांडवलासाठी, इनक्युबेटरसमोर (नव्या उद्योगांना हात देणारी संस्था) दहा मिनिटं मिळालीत. स्लाइड झाल्यात २६, निम्म्या सर्किटच्या. काय उडवू?

जुना_खोडकर: सर्किट शेवटी ठेव, विचारलं तरच उघड. पहिल्याच स्लाइडवर पावसानं काळा पडलेला बेदाणा दाखव, शेजारी अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब. भाव कुठे आपटला ते दिसू दे. आणि ते ‘हजारो कोटींची बाजारपेठ’ नको रे बाबा! तुझ्या तालुक्यात शेड किती, त्यातले किती जण यंत्र घेतील, एवढं पुरे.

मीनल_पुणे: केंद्राच्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात प्रोटोटाइपला (पहिल्या नमुना यंत्राला) अनुदान २० लाखांपर्यंतच, तेही टप्प्याटप्प्यानं. कुठल्या टप्प्याला किती खर्च, ते मांडा.

तासगावकर: पट्टी काकांकडे असणार. फोटो मागवतो.