मित्राची गाडी, फुटलेली स्टेपनी आणि नुकसानीची वाटणी

प्रश्न – मागच्या आसनावरून

आम्ही पाच जण एका मित्राची मोटार घेऊन लांबच्या प्रवासाला निघालो होतो. मालक स्वतः सोबत नव्हता. त्याने विश्वासाने गाडी दिली होती आणि आमच्यापैकी ज्याचा हात सर्वांत सरावाचा आहे, तो ती चालवत होता. निघतानाच मागचे डावे चाक बसलेले दिसले, म्हणून डिक्कीतील स्टेपनी लावली आणि पंक्चर वाटेत काढून घेऊ असे ठरवले. ते राहून गेले. पुढे ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेग असताना नेमकी तीच स्टेपनी फुटली, गाडीचा मागचा भाग भरकटला आणि गाडी कडेच्या लोखंडी कठड्याला घासत जाऊन थांबली. सर्वांनी पट्टे बांधलेले असल्यामुळे कोणालाही दुखापत झाली नाही.

आता दुरुस्तीच्या खर्चावरून मने कलुषित होऊ लागली आहेत. मालकाचे म्हणणे असे, की टायरची नक्षी नव्यासारखी खोल होती, तेव्हा दोष वेगाचा आहे. चालकाचे म्हणणे असे, की टायर आतून खराब असेल तर ते त्याला बाहेरून कळणे शक्य नव्हते. उरलेले आम्ही समान वाटणी सुचवतो, पण ती न्याय्य आहे की केवळ सोयीची, हे मला ठरवता येत नाही.

उत्तर १ – चाकजोड

निवाडा करण्यापूर्वी टायरच्या बाजूवर कोरलेला कोड पाहावा. 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या त्या ओळीचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी खोल असणे हा टायर सुस्थितीत असल्याचा पुरावा नव्हे, कारण रबर वापर न होताही वयाने कडक होत जाते आणि आतील थरांची पकड सैल पडते. वर्षानुवर्षे डिक्कीत पडून असलेली स्टेपनी तर हमखास नव्यासारखीच दिसते. काही वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात, तर काही टायर उत्पादक दहा वर्षे ही कमाल मर्यादा मानतात.

दुसरा प्रश्न हवेचा. स्टेपनीतील हवा हळूहळू कमी होत राहते, आणि कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबत असल्याने तापतो. त्यात पाच माणसे, सामान आणि मोठा वेग यांची भर पडली, की थर सुटू लागतात. लावण्यापूर्वी हवा मोजली होती का?

मागच्या आसनावरून

कोडचे शेवटचे चार अंक १११६ आहेत. हवा मोजली नव्हती. चालकाने टायर हाताने दाबून पाहिला होता.

उत्तर २ – संथगती

म्हणजे टायर २०१६ सालच्या अकराव्या आठवड्यातला. तरीही माझ्या मते मोठा वाटा चालकाचाच आहे. मालकाने गाडी दिली तेव्हा चारही चाके चालू होती. स्टेपनी लावण्याचा, हवा न मोजण्याचा आणि त्याच चाकावर ११० चा वेग गाठण्याचा निर्णय ज्याच्या हाती स्टीअरिंग होते त्याने घेतला. चालकाने आपल्या वाहनावर सदैव ताबा ठेवला पाहिजे, हे तत्त्व रस्ते वाहतुकीसंबंधीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातही नमूद आहे. वेगाचा हिशोबही निर्दय असतो : ताशी ९० वरून ११० वर जाताना वेग एक-पंचमांशाहून थोडाच अधिक वाढतो, परंतु गतिज ऊर्जा जवळजवळ दीडपट होते. अनोळखी चाकावर इतकी ऊर्जा घेऊन धावण्याची घाई कोणाला होती, हेही विचारायला हवे. शेजारी बसून 'उशीर होतोय' असे म्हणणारे प्रवासी वाटणीच्या वेळी मात्र फारच अबोल होतात.

उत्तर ३ – आडवळण

वरील मताशी मी अंशतः असहमत आहे. वैयक्तिक जबाबदारीचा आग्रह योग्यच, पण अखेरची चूक ज्याच्या हातून घडली त्याच्यावर सगळा भार टाकून मोकळे होणे फार सोपे असते. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा अनेक गाड्यांत असते, मात्र स्टेपनीवर ती बऱ्याचदा लक्ष ठेवत नाही. उत्पादनाची तारीख सांकेतिक अंकांत लिहिलेली असते आणि काही वेळा टायरच्या आतल्या बाजूस येते. सामान्य माणसाने ती वाचावी अशी अपेक्षा असेल, तर ती वाचता येईल अशी तरी असावी. तुम्ही सुखरूप आहात ते ज्या तीन टोकांच्या पट्ट्यामुळे, तो व्होल्व्होच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये प्रत्यक्षात आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही खुले केले. माणूस चुकणार हे गृहीत धरून केलेली ती रचना आहे.

आणि मालकाचे काय? इतकी जुनी स्टेपनी गाडीत आहे हे कळण्याची सर्वाधिक संधी त्यालाच होती. सर्व्हिसिंगच्या वेळी तिची हवा एकदाही पाहिली गेली नसेल, तर 'सुस्थितीतली गाडी दिली' हे त्याचे म्हणणे अर्धेच खरे ठरते.

उत्तर २ – संथगती

मालकाबाबतचा मुद्दा मान्य. परंतु टायर जुना आहे हे चालकाला ठाऊक नसले, तरी आपण तो तपासलेला नाही हे त्याला ठाऊक होते, आणि वेग कमी ठेवण्यास तेवढे कारण पुरेसे होते.

उत्तर १ – चाकजोड

वयाचा वाटा किती आणि हवेचा किती, हे अजूनही पाहता येईल. फक्त तो टायर भंगारात देऊ नका. एखाद्या जाणकाराकडून तो रिमवरून उतरवून आतून पाहून घ्या. बाजूच्या भिंतीच्या आतील अंगाला सभोवार घासल्याची काळपट कडी किंवा रबराचा भुगा आढळला, तर तो बराच वेळ कमी हवेवर धावला असे समजावे. तो भाग चालकाच्या खाती जाईल. बाजू शाबूत असून नक्षीचा पट्टाच सोलल्यासारखा निघाला असेल, तर संशय वयाकडे, म्हणजे मालकाकडे वळतो. दोन्ही खुणा एकत्र सापडण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसे झाल्यास मी मालक व चालक यांच्यात मोठा भाग निम्मा-निम्मा वाटून, उरलेला भाग बाकीच्या चौघांवर टाकीन. पंक्चर काढायचे राहिले, ते तुम्हा पाचही जणांचे मिळून राहिले होते.

मागच्या आसनावरून

टायर अजून गाडीतच आहे. मालक आणि चालक या दोघांनाही सोबत घेऊन तो उतरवून पाहतो. तोवर खर्चाची बोलणी थांबवण्यास दोघेही तयार झाले आहेत.