मदत हवी आहे: केंटकीच्या डोंगरात एकाच नावाचे दोघे, सासूबाईंचे पणजोबा यातले कोणते?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत आणि वंशावळीचं वेड असलेलेही दिसतात, म्हणून विचारते. प्रश्न माझ्या सासूबाईंच्या माहेरचा आहे. त्या मूळच्या पूर्व केंटकीतल्या, नॉट काउंटीत ट्रबलसम क्रीकच्या काठावर वाढलेल्या. त्यांच्या पणजोबांचे वडील कोण, एवढंच शोधायचंय. नाव इथे देत नाही. तसंही ते आडनाव त्या खोऱ्यात पैशाला पासरी आहे आणि खरी अडचण तीच आहे.

१८७० आणि १८८० च्या जनगणनेत पणजोबा पेरी काउंटीत सापडतात, बायकामुलांसकट. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत जवळजवळ सगळी गेली, त्यामुळे तिथे भगदाड. १९०० ला ते नॉट काउंटीत दिसतात. घर हलवलंच असेल असं नाही; नॉट काउंटीच १८८४ मध्ये पेरी, लेचर, फ्लॉइड आणि ब्रेथिट यांचे तुकडे काढून झाली. १९१० ला पणजी विधवा. म्हणजे ते गेले मधल्या दहा वर्षांत, आणि केंटकीत राज्यभर मृत्यूंची नोंद सुरू झाली १९११ ला! पणजींचा मृत्यूचा दाखला मिळाला, पण त्यात पणजींचे आईवडील, पणजोबांचे नाहीत.

घरच्या बायबलमध्ये नोंदी होत्या. जुलै २०२२ च्या पुरात सासूबाईंच्या चुलतभावाच्या घरात पाणी शिरलं, त्यात ते गेलं. आधी कुणीतरी मोबाईलवर काढलेला एका पानाचा फोटो तेवढा उरलाय. फिकट तपकिरी शाई, वर लग्नाची ओळ, खाली मुलांचे जन्म. एका मुलाच्या नावापुढे तारीख नाही, नुसती रेघ. लग्नाच्या वरची पिढी त्या पानावर नाही.

आता खरा गुंता. १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त घरातल्या कर्त्याचं नाव असतं. गुलाम सोडून बाकी सगळ्यांची नावं १८५० पासून लिहिली जाऊ लागली. त्या वर्षी आमच्या नावाचे दोन मुलगे सापडतात. एक लेचर काउंटीत, वय नऊ, घरातला कर्ता नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेला. दुसरा पेरी काउंटीत, वय सात, कर्ता व्हर्जिनियात जन्मलेला. कर्त्याशी नातं लिहायची पद्धत १८८० ला आली, त्यामुळे ही मुलं त्या घरचीच होती की पोसायला ठेवलेली, हेही कागदावरून ठरत नाही. १८८० ला आमच्या पणजोबांच्या वडिलांचं जन्मस्थान नॉर्थ कॅरोलायना लिहिलंय, १९०० ला व्हर्जिनिया. १८८० ला वय चाळीस, १९०० ला जन्म मार्च १८४३. घ्या! गणतीवाला दारात आला तेव्हा उत्तरं कुणी दिली, देव जाणे.

माझ्या माहेरच्या सहा-सात पिढ्या त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या नामावळीत बसल्या जागी मिळाल्या होत्या, त्यामुळे नवऱ्याला वाटतं मला हे सहज जमेल. इथे चर्चचाही आधार नाही. त्या भागातले जुने बॅप्टिस्ट बाप्तिस्मा मोठेपणी घेतात, त्यामुळे तान्ह्या मुलांची बाप्तिस्मा-नोंदवहीच नसते.

मला हवंय ते असं.

केंटकीच्या वार्षिक करयाद्या कुणी चाळल्या आहेत का? त्यात एकवीस वर्षांवरच्या पुरुषांची नोंद आणि जमीन कोणत्या ओढ्यावर आहे तेही असतं. दोघांमध्ये दोन वर्षांचं अंतर आहे, तेव्हा कोण आधी यादीत येतो आणि कोणत्या ओढ्यावर, यावरून वेगळे करता येतील असं वाटतं. पण दोघे एकविशीत आले ती वर्षं नेमकी अमेरिकेतल्या यादवी युद्धाची. त्या काळातल्या डोंगरी काउंट्यांच्या याद्या कितपत भरवशाच्या?

युद्धाचंच आणखी एक. उत्तरेच्या सैनिकांच्या पेन्शनच्या सूचीत या नावाचं एक कार्ड आहे, केंटकीच्याच पलटणीचं. विधवेचा रकाना कोरा. घरात निम्मे म्हणतात पणजोबा उत्तरेकडून लढले, निम्मे म्हणतात दक्षिणेकडून. त्या भागात दोन्ही खपून जातं. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये जाऊन मूळ फाईल पाहिलेलं कुणी आहे का? शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, नातलगांच्या साक्षी त्यात असतात म्हणे. माझी सगळी भिस्त त्यावर आहे.

डीएनएबद्दल: सासूबाईंनी चाचणी केली, दोन्ही घराण्यांचे वंशज जुळले. एकाच खोऱ्यात पिढ्यानपिढ्या सोयरिकी, दुसरं काय होणार! वाय-गुणसूत्राची (बापाकडून फक्त मुलाकडे जाणाऱ्या) चाचणी चुलतभावांकडून करून घेता येईल, पण ते आता ओहायोत असतात आणि गालात कापसाची काडी फिरवायला ठाम नकार. शिवाय दोन्ही कर्ते एकमेकांचे भाऊबंद निघाले तर त्या चाचणीत फरक दिसणारच नाही, बरोबर ना? जनुकशास्त्रातल्या कुणीतरी सांगा.

पणजी चेरोकी (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात) होती ही दंतकथाही आहेच, तिथल्या दर दुसऱ्या घरात असते तशी. ती खरी मानत नाही, पण १९०६ नंतर पूर्वेकडच्या चेरोकींच्या वंशजांना पैसे मिळणार म्हणून ४५,००० हून जास्त अर्ज आले होते, गियॉन मिलरच्या यादीसाठी. बहुतेक नामंजूर झाले, तरी अर्जात आजी-आजोबांपर्यंतची माहिती भरावी लागे. त्यात घरातलं कुणी आहे का ते बघतेय.

शेवटचं, जमिनीचं. वाटणीच्या खरेदीखतांत सगळ्या वारसांची नावं येतात, जावयांसकट, आणि तिथे पणजोबांच्या वडिलांचं नाव सापडायला हवं. १८८४ च्या आधीचे दस्त मात्र नॉट काउंटीच्या मुख्य गावी, हिंडमनला नाहीत, जुन्या काउंट्यांच्या गावी आहेत: हॅझर्ड, व्हाइट्सबर्ग, प्रेस्टन्सबर्ग, जॅक्सन. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर हस्तलिखितांत शब्द टाकून शोधून पाहिलं, पण आडनावाची इतकी स्पेलिंगं आहेत की निकालांचा ढीग पडतो. हद्दी तर ‘ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून’ अशा लिहिलेल्या. आधी कोणत्या काउंटीपासून सुरुवात करावी?

केंटकीतल्या लेक्सिंग्टन किंवा फ्रँकफर्टच्या बाजूला राहणारं कुणी असेल तर कृपया व्यनि करा. पानाचा फोटो आणि जनगणनेच्या प्रती पाठवते.