भरतीपासून वीज: ही ऊर्जा नेमकी येते कुठून? मदत करा भो

मी चोपड्याचा. पोरगी नववीत, विज्ञान प्रदर्शनाला तिने भरतीपासून वीज हा विषय घेतलाय आणि आमच्या घरात समुद्राचा कोणाला गंध नाही, आपली तापी सुरतेच्या पुढे खंबायतच्या आखाताला मिळते एवढाच काय तो संबंध. चंद्र पाणी ओढतो हे समजलं, पण मग पलीकडच्या बाजूलाही त्याच वेळी भरती कशी काय? आणि एवढा समुद्र हलतो तर आमच्या हतनूर धरणात बोटभर तरी पाणी वर-खाली व्हायला पाहिजे ना? त्यात पोरगी विचारते, वीज काढली म्हणजे ऊर्जा कोणाची तरी कमी होणार, मग ती चंद्राची का? युट्यूबवाले नुसते गोल गोल फिरवतात. साध्या भाषेत सांगा.

भुसावळकर:
भाऊ, ओढीपेक्षा ओढीतला फरक बघा. चंद्राकडचं पाणी जास्त ओढलं जातं, पृथ्वीचा मधला भाग त्याहून कमी, पलीकडचं पाणी सगळ्यात कमी, ते मागे राहतं म्हणून तिकडेही फुगवटा. हतनूरच्या या काठापासून त्या काठापर्यंत असा कितीसा फरक पडणार, म्हणून तिथे काही दिसत नाही. सूर्याची ओढ चंद्रापेक्षा कितीतरी मोठी पण तो लांब, फरक कमी, म्हणून त्याची भरती चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत आले की उधाण.

पृथ्वी फिरते म्हणून आपण दोन्ही फुगवट्यांखालून जातो, तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं.

ऊर्जा जाते ती पृथ्वीच्या फिरण्यातली! पाणी समुद्राच्या तळाशी घासतं, पृथ्वी हळू होते, शंभर वर्षांत दिवस सुमारे 2 मिलिसेकंद लांबतो. चंद्राला तर उलट त्यातला थोडा वाटा मिळतो आणि तो वर्षाला 3.8 सेंटीमीटर लांब सरकतो. पोरीला हेच आधी सांगायला लावा, परीक्षक गार होतील.

तापीकाठ:
फ्रान्समधलं ला रान्स केंद्र 1966 पासून चालू, 240 मेगावॅट. कोरियातलं सिहवा 2011 चं, 254 मेगावॅट. आपल्या भुसावळजवळच्या दीपनगर कोळसा वीजकेंद्राचा एकच 500 मेगावॅटचा संच जवळपास दोघांइतका, त्यामुळे पोस्टरवर "कोळसा बंद होणार" वगैरे लिहू नका. खंबायतला भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या आसपास जातो, आखात आत निमुळतं होत जातं म्हणून पाणी चढतं. ते नकाशावर दाखवा, तापीसकट.

चोपड्याचा:
लई भारी दोघंही. आता मॉडेलचं सांगा, ट्रेमध्ये बांध घालून वीतभर पाणी सोडलं तर खेळण्यातल्या मोटरवर एलईडी लागेल का, का पाण्याची उंची वाढवावी लागेल?