‘डॉक्टर हू’चा दर्जा घसरला आहे का, आणि घसरला असल्यास नेमका कुठे?

निळी पेटी (धागाकर्ता)

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९मध्ये बंद पडली आणि २००५मध्ये पुन्हा उभी राहिली. पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून काळात आणि अवकाशात भटकणारा, मरणाच्या दारात पोहोचला की कायापालट होऊन नव्या चेहऱ्याने परतणारा ‘डॉक्टर’ नावाचा नायक, एवढेच तिचे मूळ भांडवल आहे. अलीकडे दर्जा खालावल्याची तक्रार बहुतेक चाहते करतात. मात्र कारण विचारले की कोणी २०१८मध्ये आलेल्या स्त्री डॉक्टरकडे बोट दाखवतो, कोणी मालिकेच्या निर्मितीत आलेल्या डिस्नीच्या पैशाकडे, तर कोणी डॉक्टरचा पूर्वेतिहास बदलणाऱ्या २०२०च्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ या भागाकडे. माझ्या मते या साऱ्या गोष्टी दुय्यम आहेत. मालिकेने स्वतःच घालून दिलेले नियम पाळणे सोडले, तेथून घसरण सुरू झाली.

एक उदाहरण देतो. १९७५च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये सूतेख नावाचा जवळजवळ सर्वशक्तिमान शत्रू आहे. त्याला बांधून ठेवणारी यंत्रणा मंगळावर असते आणि ती नष्ट होते. तरीही डॉक्टर जिंकतो, कारण मंगळावरून निघालेला रेडिओसंदेश पृथ्वीवर पोहोचायला दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्या अवधीत त्याला सापळा रचता येतो. (प्रत्यक्षात मंगळ अगदी जवळ असतानाही तीन मिनिटे लागतात, पण ते असो.) प्रेक्षकाला ठाऊक असलेल्या एका साध्या भौतिक गोष्टीवर शेवट उभा आहे. हाच सूतेख २०२४च्या ‘एम्पायर ऑफ डेथ’मध्ये मृत्यूचा देव म्हणून परततो, साऱ्या विश्वाची धूळ करतो, आणि मग डॉक्टर त्याला दोरीने बांधून कालप्रवाहातून फरफटत नेतो. मृत्यूलाच मृत्यू दिला की जीवन परत येते, या शब्दखेळावर अख्खे विश्व पूर्ववत होते. हे आधी कोठेही सूचित केलेले नव्हते. लेखकाला गरज पडली म्हणून ते खरे ठरले.

जुना प्रेक्षक

आपल्या निरीक्षणाचा आदर राखूनही मी निष्कर्षाशी असहमत आहे, कारण ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ हे गाऱ्हाणे या मालिकेइतकेच जुने आहे. १९७६मध्ये ‘द डेडली असॅसिन’ ही कथा आली, तेव्हा चाहत्यांच्या संघटनेच्या प्रमुखानेच तिच्यावर कडाडून टीका केली होती. डॉक्टरच्या ज्ञातिबांधवांना, म्हणजे टाइम लॉर्ड्सना, त्यात गूढ देवतुल्य न दाखवता म्हातारे, कारस्थानी दरबारी म्हणून रंगवले होते, आणि तोपर्यंतच्या नियमांचा हा भंग आहे अशी तक्रार होती. आज त्याच कथेची गणना मालिकेच्या उत्तम कथांमध्ये होते. इतकेच नव्हे, तर कायापालट बाराच वेळा होऊ शकतो हा नियम, ज्याची शपथ आजचे नियमनिष्ठ चाहते घेतात, तो त्याच ‘नियमभंगी’ कथेने दिला. तेव्हा आपण ज्यांना नियम म्हणता, ते बहुतेक वेळा आपल्या बालपणीचे नियमभंग असतात.

उल्कापात

धागाकर्त्यांशी बऱ्याच अंशी सहमत. परंतु ‘टाइमलेस चिल्ड्रन’ दुय्यम कसा, हे कळले नाही. आपला ग्रह सोडून पळालेला एक सामान्य भगोडा ही डॉक्टरची ओळख होती. त्या भागाने त्याला दुसऱ्या कुठल्या तरी विश्वातून आलेले, टाइम लॉर्ड्सच्या कायापालटाचे मूळ असलेले अद्वितीय बालक ठरवले. सामान्य माणूस स्वतःच्या निवडीने मोठा होतो, यातला सारा अर्थ त्यामुळे निघून जातो.

निळी पेटी (धागाकर्ता)

उल्कापात, डॉक्टर ‘निवडलेला’ ठरला ही आपली खंत मला मान्य आहे. मात्र पहिल्या डॉक्टरच्या आधीही काही चेहरे असावेत, ही सूचना १९७६च्या ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मधील मनोयुद्धाच्या प्रसंगातच पडद्यावर दिसली होती, त्यामुळे इतिहास बदलणे हा मोठा अपराध मी मानत नाही.

‘जुना प्रेक्षक’ यांचा मुद्दा अधिक गंभीर आहे. तरी जगाची माहिती बदलणे आणि कथेचा नियम मोडणे यांत मी फरक करतो. २००७च्या ‘ब्लिंक’मधील दगडी देवदूत पाहा. कोणीही बघत असेल, तर ते दगड होतात. पापणी लवली की झेप घेतात. त्या संपूर्ण भागात एकही देवदूत पडद्यावर हलताना दिसत नाही, अगदी खोलीतली सर्व पात्रे पाठमोरी असतानाही. म्हणजे बघणाऱ्यांत प्रेक्षकाचीही गणना केलेली आहे, आणि भीती नेमकी तिथून येते. २०१०च्या ‘फ्लेश अँड स्टोन’मध्ये मात्र तेच देवदूत आपल्या डोळ्यांदेखत माना वळवतात. शिवाय आधी ते माणसाला भूतकाळात ढकलून त्याच्या न जगलेल्या दिवसांवर पोसत होते, आता माना मोडू लागले. २०१२मध्ये तर न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळाच देवदूत निघाला. इतका अवाढव्य पुतळा शहरातल्या कोणाच्याही नजरेत न येता चालत कसा आला, हे विचारायचे नाही! ही माहितीतील भर नाही. ज्या अटीवर आपण घाबरायला तयार झालो होतो, तीच येथे मोडली.

शंकासुर

प्रेक्षकसंख्या घटली हा पुरेसा पुरावा नाही का? २००५चा पहिला भाग ब्रिटनमध्ये एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. आता त्याच्या जवळपासही आकडा जात नाही.

जुना प्रेक्षक

आकड्यांवरून दर्जा ठरवायचा, तर १९७९च्या ‘सिटी ऑफ डेथ’चा शेवटचा भाग सर्वश्रेष्ठ मानावा लागेल. तो दीड कोटीहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. मात्र त्या वेळी संपामुळे प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनी बंद होती. (कथा उत्तम आहे, हा भाग निराळा.) आज तर सर्वच वाहिन्यांचे प्रेक्षक विखुरले आहेत.

तेरावा भाग

या चर्चेत एक साधी बाब सुटते आहे, ती म्हणजे भागांची संख्या. पहिल्या हंगामात पंचवीस मिनिटांचे ४२ भाग होते. २००५ नंतर प्रत्येक हंगामात साधारण १३ भाग मिळत; २०१८मध्ये ते १० झाले, २०२१मध्ये ६, आणि २०२४ व २०२५मध्ये प्रत्येकी ८. याचा परिणाम केवळ ‘कमी भाग’ एवढाच होत नाही. ‘ब्लिंक’मध्ये डॉक्टर जेमतेम काही मिनिटे दिसतो, कारण इतके भाग वेळेत पूर्ण करण्यासाठी एक भाग मुख्य नटाशिवाय उरकणे निर्मात्यांना भाग होते. २००८चा ‘मिडनाइट’ जवळजवळ संपूर्णपणे एका बंद प्रवासी यानाच्या डब्यात घडतो. तेथे राक्षस दिसतच नाही. एक बाई फक्त इतरांचे शब्द पुन्हा उच्चारते, मग त्यांच्याबरोबरच बोलू लागते, आणि अखेरीस त्यांच्या आधी. त्यासाठी खर्चिक दृश्यपरिणामांची गरज पडली नाही. दीर्घ हंगामात असा काटकसरीचा, प्रयोगाचा भाग खपून जातो. आठ भागांच्या हंगामात प्रत्येक भागाला मोठेपणाचे सोंग आणावे लागते. विशेष म्हणजे २०२४च्या हंगामात वाखाणला गेलेला ‘७३ यार्ड्स’ही मुख्य नट उपलब्ध नसल्याने जवळपास डॉक्टरविनाच झाला. म्हणून ‘लेखक थकले’ हे निदान मला घाईचे वाटते. त्यांची अडचण काढून घेतली आणि पैसा दिला, हे अधिक खरे.

जुना प्रेक्षक

‘तेरावा भाग’ यांचे म्हणणे पटते, आणि त्याने धागाकर्त्यांची बाजू आणखी लंगडी होते. आपण ज्या काळाला मानदंड मानता, त्यातील शेवट तरी कुठे नियमात बसतात? २००५च्या हंगामाच्या अखेरीस डॉक्टरची सहप्रवासी रोझ कालप्रवाहाची शक्ती अंगात घेते आणि शत्रूंचे अख्खे आरमार धुळीला मिळवते. २००७मध्ये तर जगभरातील माणसे एकाच क्षणी डॉक्टरचे नाव घेतात, त्या बळावर शत्रूने म्हातारा केलेला तो पुन्हा तरुण होऊन हवेत तरंगतो, आणि उद्ध्वस्त झालेले संपूर्ण वर्ष पुसले जाते. २०२४ची दोरी याहून वाईट कशी?

निळी पेटी (धागाकर्ता)

ते शेवट सोयीस्कर होते, हे मी नाकारत नाही; पण त्यांची किंमत कोणीतरी चुकवली. रोझला वाचवताना तो डॉक्टर मेला. २००७चे पुसलेले वर्ष तेव्हाची सहप्रवासी मार्था हिच्या कुटुंबाच्या स्मरणात राहिले, आणि त्यानंतर मार्था डॉक्टरला सोडून निघून गेली. २०२४मध्ये विश्व मरून पुन्हा जिवंत झाले, तरी त्याचा ओरखडा कोणावरही उरला नाही.

जुना प्रेक्षक

मग या कसोटीवर २०२५चा शेवट उत्तीर्ण व्हायला हवा. ‘द रिअॅलिटी वॉर’मध्ये वास्तवातून पुसली गेलेली पॉपी नावाची आपली चिमुरडी लेक परत आणण्यासाठी डॉक्टर स्वतःचे आयुष्य देतो, आणि ती परतते तेव्हा त्याची मुलगी राहिलेली नसते. याहून मोठी किंमत कोणती? तरीही तो शेवट आपल्याला रुचला नसणार, अशी माझी अटकळ आहे.

निळी पेटी (धागाकर्ता)

अटकळ बरोबर आहे. त्याच भागात ओमेगा या जुन्या शत्रूचे काय केले, ते आधी पाहा. १९७३मध्ये संपलेल्या ‘द थ्री डॉक्टर्स’मध्ये ओमेगाचा मुखवटा उचलला जातो आणि खाली काहीच नसते, देह केव्हाच झिजून गेलेला, उरलेली फक्त इच्छाशक्ती. २०२५मध्ये तोच हाडांचा प्रचंड सांगाडा बनून येतो आणि काही मिनिटांत डॉक्टरच्या शस्त्राच्या एका झोतात परत ढकलला जातो.

राहिली पॉपी. किंमत मोठी होती, हे खरे. परंतु ती मुलगी २०२४च्या एका भागात दिसली होती, आणि डॉक्टरची लेक म्हणून आपण तिला ओळखू लागलो ते केवळ शेवटच्या दोन भागांत, तेही एका खोट्या जगात. डॉक्टरने जीव दिला, तेव्हा मी तिच्याविषयी तिच्या नावापलीकडे काही सांगू शकलो नसतो. येथे ‘तेरावा भाग’ यांचा मुद्दा मला माझ्या मुद्द्याइतकाच वजनदार वाटतो: आणखी चार-पाच भाग हाताशी असते, तर त्यांपैकी एखादा या मुलीसाठी खर्च करता आला असता.