प्रतिसाद: तारीख पक्की माहीत नसेल तर

वर कुणीतरी म्हणलंय की वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधे जन्माचं फक्त साल माहीत असलं की सरळ १ जानेवारी टाकून द्यायचं. नका टाकू हो! शाळेच्या दाखल्यावरच्या १ जूननं आधीच निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस एका दिवशी आणून ठेवलाय, गुरुजींनी लिहिली अन् तीच आयुष्यभर चालली, आता सॉफ्टवेअरमधे पुन्हा तेच कशाला.

ग्रॅम्प्समधे (वंशावळ नोंदवायचं सॉफ्टवेअर) तारखेला 'सुमारे', 'आधी', 'नंतर', 'या दोन तारखांच्या दरम्यान' असे प्रकार असतात, अंदाजे म्हणून खूणही करता येते. आमची आज्जी सांगायची, पोलीस ॲक्शन (हैदराबाद संस्थानावरची भारताची लष्करी कारवाई) झाली तेव्हा थोरला रांगत होता. म्हणजे सप्टेंबर १९४८ ला सहा ते अकरा महिन्यांचा धरा, मी १९४७ ते १९४८ च्या दरम्यान टाकलं, अन् आज्जीचं वाक्य जसंच्या तसं नोटमधे.

निजामाच्या काळातले कागद असले तर साल फसली असतं (तिथलं महसुली साल), त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, पण वर्ष ऑक्टोबरात बदलायचं म्हणून फसली १३३५ म्हणजे १९२५-२६, एकच साल लिहू नका. मूळ फसली आकडा पण ठेवा, मी सुरुवातीला ठेवला नाही, आता परत सगळी बाडं उपसतोय.