मदत हवी आहे: खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीचं तापमान उतरतच नाही

हॅमरवाला
तातडीने मदत हवी आहे. पाणी ३१ च्या खाली यायला तयार नाही. पंखा लावून आठ दिवस झाले, काडीचा फरक नाही. हॅमर (प्रवाळ) मिटून बसलाय, क्लाउन माशांची जोडी वर येऊन धापा टाकतेय. चिलरचं (पाणी थंड करायच्या यंत्राचं) बजेट नाही, तो सुचवू नका. लवकर सांगा.

दर्यावर्दी
टाकी केवढी? गाव कुठलं? झाकण आहे का? ३१ कशावर मोजलं? काचेला बाहेरून चिकटवायची पट्टी असेल तर ती पाण्याइतकंच खोलीचंही तापमान दाखवते.

हॅमरवाला
दोन फुटी. ठाणे. झाकण काढलंय. पट्टी नाही, पाण्यात सोडायचा डिजिटल आहे. आता उपाय सांगा.

विदर्भी
साधा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका मारा. ४ अंश आरामात उतरतात. चिलर वगैरे कंपन्यांचे धंदे आहेत.

काचपेटी
@विदर्भी, नागपुरात उतरतात हो. ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असली की ओल्या फडक्याचं तापमान (पाणी उडून जास्तीत जास्त जेवढं थंड होतं ते) २१ च्या आसपास येतं, म्हणून पंख्याला वाव मिळतो. ठाण्यात ३२ अंश नि ७५ टक्के आर्द्रतेला तेच २८ वर थांबतं. त्याखाली कुठलाच पंखा जाऊ शकत नाही, त्याच्या जवळ पोचला तरी खूप.

विदर्भी
म्हणजे लावूच नका म्हणता? ३१ चे २९ झाले तरी हॅमर वाचतो.

काचपेटी
लावा की. चार अंशांचं वचन देऊ नका, एवढंच म्हणतोय.

थंडगार
बजेट नाही म्हणालात तरी सांगतो, चिलरच घ्या. १/१० एचपीचा कॉम्प्रेसरवाला. पेल्टियरवाल्याच्या (कॉम्प्रेसरऐवजी विजेच्या चकतीने थंड करणाऱ्या) नादी लागू नका, तो ७० वॉट खाऊन त्याच्या जेमतेम निम्मा थंडावा देतो. आणि चिलर कॅबिनेटमध्ये कोंडू नका. त्याने बाहेर टाकलेली गरम हवा तोच परत ओढतो आणि मग दिवसभर घरघरत बसतो.

हॅमरवाला
चिलर नको म्हटलं होतं ना?

समुद्रफूल
तोवर बर्फाची बाटली. अर्धा लिटरची, बूच घट्ट, बाहेरून धुतलेली. दोन फुटीत खडक-वाळू वजा जाता ४५ लिटर धरा. एक बाटली पूर्ण वितळली की सव्वा अंश उतरतो. एका वेळी एकच, दुपारी १२ नंतर. दोन-तीन एकदम सोडल्या तर तासाभरात तीन अंश खाली आणि रात्री पुन्हा वर, प्रवाळांना हा झोका स्थिर ३० पेक्षा वाईट. सुटा बर्फ टाकू नका, नळाचं क्लोरीन टाकीत जातं आणि क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) पडते.

नवशिक्या_पुणे
धाग्याला अनुसरून नाही, पण हीटर किती वॉटचा घ्यावा? थंडीची तयारी करतोय.

समुद्रफूल
लिटरमागे १ वॉट पुरे. ४५ लिटरला ५० चा. आत्ता एप्रिलमध्ये कशाला विचारताय?

हॅमरवाला
माझाही ५० चाच आहे, २६ वर लावलेला. इथे हीटरची चर्चा नको, प्लीज. पाणी गरम आहे!

दर्यावर्दी
थांबा. हीटर आत्ता टाकीत आहे? प्लग लावलेला?

हॅमरवाला
हो, नेहमीच असतो. २६ च्या वर गेलं की आपोआप बंद होतो ना.

दर्यावर्दी
व्हायला हवा. तीन गोष्टी सांगा. पहाटे दिवे लागायच्या आधी खोलीचं आणि पाण्याचं तापमान, दोन्ही त्याच थर्मामीटरने. पंप कोणते. आणि रोज पाणी किती भरता.

हॅमरवाला
सकाळी ६ ला मोजलं. खोली २८.४, पाणी ३१.१. रिटर्न पंप (पाणी टाकीत परत सोडणारा) १५ वॉट, वेव्हमेकर (पाणी हलवणारा) ६. रोज २ लिटर घालतो, पंखा लावल्यापासून फार उडतं.

दर्यावर्दी
मग गणित बघा. १ लिटर पाणी उडताना साधारण ६७० वॉट-तास उष्णता घेऊन जातं. २ लिटर म्हणजे सरासरी ५५ वॉट सतत बाहेर. काचेतून जाते ती वेगळी. दोन्ही पंपांचे मिळून २१. दिवे रात्री बंद. तरी पाणी खोलीपेक्षा पावणेतीन अंश वर, म्हणजे आत अजून ५० वॉटचं काहीतरी जळतंय. पंखा बिचारा आठ दिवस हीटरशी भांडतोय. खडकामागे बघा, लाल दिवा लागलाय का. प्लग काढा, पण लगेच बाहेर ओढू नका, १५-२० मिनिटं पाण्यातच निवू द्या, नाहीतर काच तडकेल.

हॅमरवाला
लागलाय!!! नळीला बारीक बुडबुडे चिकटलेत. प्लग काढला.

काचपेटी
थर्मोस्टॅटचे काँटॅक्ट चिकटलेत. हे हीटर असेच मरतात, चालू अवस्थेत. तो फेकून द्या. पुढे लावाल तो एसटीसी-१००० सारख्या तापमान कंट्रोलरमधून लावा. एफ१ (हवं ते तापमान) ला २६, एफ२ (किती फरक पडला की चालू व्हायचं) ला ०.५, हीटर एका रिलेवर आणि पंखा दुसऱ्यावर. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ वर ठेवा, म्हणजे एक अडकला तर दुसरा तोडेल. प्रोब (तापमान मोजणारं टोक) सक्शन कपने नीट बसवा. तो पाण्याबाहेर लोंबकळला तर कंट्रोलर हवेचं तापमान वाचतो, आणि थंडीच्या रात्री मासे उकडतात.

थंडगार
आणि पंखा १२ व्होल्टचा घ्या. खाऱ्या वाफेने २३० वाल्याचं काय होतं ते सांगायला नको. जाळी ठेवा, गंजलेला स्क्रू किंवा तांब्याची तार पाण्यात पडली तर कोळंबी आधी जाते.

समुद्रफूल
क्लाउन धापा टाकतायत त्यासाठी वेव्हमेकरचं तोंड वर करा, पृष्ठभाग हलला पाहिजे. आणि ते रोजचे २ लिटर, कुठलं पाणी घालता?

हॅमरवाला
आरओ (क्षार गाळलेलं). परवा आरओ बिघडला म्हणून दोन दिवस मीठ कालवून ठेवलेलं घातलं. खारंच आहे ना, चालतं की.

समुद्रफूल
नाही चालत! पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. ४ लिटर खारं घातलंत म्हणजे १४० ग्रॅम मीठ जास्तीचं. लिटरमागे ३५ ग्रॅमची क्षारता ३८ वर गेली असणार. हॅमर मिटायला नुसती उष्णता नाही, हेही कारण आहे. रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायच्या उपकरणाने) बघा. एकदम खाली आणू नका. रोज १.२ लिटर खारं काढून तेवढंच आरओ, की दिवसाला साधारण १ ने उतरेल. उडालेलं भरायचं ते वेगळं.

विदर्भी
बघा, पंखा आपलं काम करतच होता.

हॅमरवाला
आज पहाटे खोली २८.२, पाणी २७.६. क्षारता ३८ निघाली. क्लाउन खाली आलेत. हॅमर अजून मिटलेलाच. दुपारी मात्र २९ होतं.

काचपेटी
मेपर्यंत २९ च राहणार, ते मान्य करा. दिवे दुपारी १ ते ९ चे बदलून संध्याकाळी ५ ते रात्री १ करा, सर्वात गरम वेळ टळते. हॅमरला आठवडा द्या, आता काही हलवू नका.

नवशिक्या_पुणे
मग मी हीटर घेऊ की नको?